न समजलेल्या कागदावरची सही

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांतून पाच पत्रे निवडली आहेत. त्यांचे विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. आपल्याविषयी जे लिहिले जाते किंवा आपल्या नावाने जे बोलले जाते, ते ज्याचे त्यालाच कळत नाही. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील छापलेला नाही.

प्रश्न : शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि त्याने तक्रार दिली. माझ्या २४ वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्यात बोलावून चार तास बसवून ठेवले, तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि घरी पाठवले. कागद कन्नडमध्ये होते. मुलगा मराठी शाळेत शिकलेला आहे. तो कन्नड बोलतो, पण लिहिलेले त्याला नीट वाचता येत नाही. कशावर सही केली, हे त्याला सांगता येत नाही. आता काय करावे? (एक शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : सही झाली म्हणजे सगळे संपले, असे मुळीच नाही. प्रथम तो कागद कोणता असू शकतो, ते पाहू.

तुमच्या मुलाला अटक झाली नाही, तो त्याच दिवशी घरी आला. त्यावरून एक कागद बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची नोटीस असावी. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली आहे. ही नोटीस म्हणजे तपास अधिकाऱ्यापुढे बोलावतील तेव्हा हजर राहण्याचा आदेश. ती पाळत राहिल्यास एरवी अटक करता येत नाही आणि करायचीच झाली तर तिची कारणे अधिकाऱ्याला लिहून ठेवावी लागतात. मात्र नोटीस दुर्लक्षित राहिली, तर तेच अटकेचे कारण होते. म्हणून त्या कागदावर पुढची तारीख आहे का, हे आजच शोधून काढा.

दुसरा कागद जबाब असू शकतो. पोलिसांनी कलम १८० खाली घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कलम १८१ स्पष्ट सांगते. शिवाय पोलिसांपुढे दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातले हे संरक्षण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. तेव्हा ‘मी मारले’ असे त्यात कुणी लिहून घेतले असले, तरी त्या एका कागदावर शिक्षा होणार नाही.

तिसरी शक्यता आपल्या भागात बांधाच्या भांडणात नेहमी दिसते. लोक अजूनही तिला ‘१०७ ची केस’ म्हणतात. आता ते कलम १२६ झाले आहे. शांतता भंग होईल अशी शंका आल्यास कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्यात बहुधा तहसीलदार, जास्तीत जास्त एक वर्षासाठी मुचलका लिहून घेऊ शकतात. ही शिक्षा नव्हे; पण त्या मुदतीत पुन्हा भांडण झाले, तर मुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते, म्हणून तसा मुचलका दिला आहे की नाही हे घरात सर्वांना ठाऊक असले पाहिजे. यांपैकी काहीच नसेल, तर तो तडजोडीचा लेखही असू शकतो आणि त्यात बांध नेमका कुठे आहे यासंबंधी एखादे वाक्य घुसलेले असू शकते. मला खरी काळजी त्याची वाटते, कारण फौजदारी भानगड मिटल्यावरही ते वाक्य दिवाणी दाव्यात पुढे येते.

शोध घेण्याचा मार्ग असा आहे. गुन्हा नोंदला असेल, तर एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे. संवेदनशील स्वरूपाचे गुन्हे त्याला अपवाद आहेत. नोटीस असेल, तर तिची प्रत मागा. ठाण्यात तोंडी विचारून उत्तर मिळाले नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा आणि तो नोंदणीकृत टपालाने पाठवा. हा अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. तक्रारीच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. उत्तर मराठीतच येईल, अशी हमी मात्र त्यात नाही.

उद्या अटकेची वेळ आलीच, तर आणखी काही गोष्टी लक्षात असू द्या. अटकेची कारणे सांगणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे अनुच्छेद २२(१) प्रमाणे बंधनकारक आहे. घरच्या माणसाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणेही बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा करताना घरातल्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. कारणे सांगायची म्हणजे कोणत्या भाषेत, हा प्रश्न जुना आहे. नागपूरच्या एका स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना प्रतिबंधात्मक अटकेत ठेवलेल्या, माणसाला कारणे इंग्रजीत दिली गेली होती. त्याने हिंदीत मागितली, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावले आहे, तेवढे पुरे, असे शासनाचे म्हणणे पडले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि ज्या माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते त्याला समजेल अशा भाषेत कारणे मिळाली पाहिजेत, असा निर्णय दिला. तो खटला स्थानबद्धतेचा होता. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात मात्र याच न्यायालयाने सर्व प्रकारच्या गुन्ह्यांतील अटकेसाठी सांगितले की, कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत; लगेच देणे शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत आणि दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत.

आता एक गोष्ट तुमच्या मुलासाठी. इतक्या वर्षांत मी पाहिले आहे की, अशी सही भीतीपेक्षा संकोचाने जास्त वेळा होते. ‘कन्नड येते ना?’ असे विचारल्यावर बाजारात रोज कन्नड बोलणारा माणूस ‘येते’ म्हणतो आणि पुढे आलेल्या कागदावर सही करतो. बाजारातली कन्नड वेगळी आणि कचेरीतली लेखी कन्नड वेगळी. ती कन्नडच मातृभाषा असलेल्या शेतकऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही. म्हणून यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. ‘मला हे वाचता येत नाही, मराठीत वाचून सांगा’ असे म्हणावे. तरीही सहीचा आग्रह झाला, तर सहीखाली स्वतःच्या हाताने मराठीत लिहावे : ‘मला कन्नड वाचता येत नाही. हा मजकूर मला वाचून दाखवलेला नाही.’ पुढे तारीख आणि वेळ घालावी. त्या दोन ओळी नंतर वकिलाच्या फार उपयोगी पडतात.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून माझे वय ७१ आहे. आमच्या भावकीतील वाटणीच्या दाव्यात मला साक्षीला बोलावले आहे. मला मराठीत साक्ष देता येईल का? वकिलांनी माझे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार केले असून ‘फक्त सही करा’ असे ते म्हणतात. दाव्यात मोडी लिपीतला एक जुना वाटणीपत्राचा कागदही आहे. (एक वाचक, निपाणी परिसर)

उत्तर : गुरुजी, मराठीत साक्ष जरूर देता येईल. आपल्याकडील कनिष्ठ न्यायालयांची भाषा कन्नड आहे आणि इंग्रजीतही पुष्कळ कामकाज चालते. सगळा दावाच मराठीत चालवा, असा आग्रह कायद्याने धरता येत नाही. मात्र साक्षीदाराने त्याला येणाऱ्या भाषेत बोलावे, यात न्यायालयाचेच हित आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील अनेक न्यायाधीश आणि न्यायालयीन कर्मचारी मराठी समजून घेतात. जिथे समजत नाही तिथे दुभाषी नेमावा, अशी विनंती आपल्या बाजूच्या वकिलांनी साक्ष सुरू होण्याआधीच करावी. फौजदारी खटल्यात तर हे नियम लेखी आहेत. साक्ष न्यायालयाच्या भाषेबाहेरच्या भाषेत दिली गेली आणि ती त्या भाषेत उतरवणे शक्य नसेल, तर तिचे खरे भाषांतर साक्ष चालू असतानाच तयार करावे लागते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला भर न्यायालयात समजावून सांगावी लागते आणि दुभाष्याला खरेच भाषांतर करण्याचे बंधन असते.

प्रतिज्ञापत्रावर मात्र न वाचता सही करू नका. दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याने आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, बहुधा प्रतिज्ञापत्रानेच होते आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तेच धरून येतो : ‘यात काय लिहिले आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे का?’ पुष्कळ साक्षीदार प्रामाणिकपणे सांगून टाकतात की, ‘वकिलांनी लिहिले, मी सही केली.’ त्या एका उत्तराने खरी साक्षही निकामी होते. प्रतिज्ञापत्र साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे आणि तसे त्यावर नमूद करणे हे ते तयार करणाऱ्या वकिलाचे काम आहे. आपण ते मागून घ्यावे.

वाचताना नात्याच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्या, कारण वाटणीच्या दाव्यात सगळे त्यांवरच उभे असते. आपण चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे चार वेगळे शब्द वापरतो. इंग्रजीत त्या चौघांसाठी ‘कझिन’ हा एकच शब्द पडतो. वडिलोपार्जित जमिनीत चुलतभावाचा हक्क निघू शकतो, पण मावसभावाचा त्या नात्याने निघत नाही. मग ‘कझिन’ या शब्दावरून उलटतपासणीत अर्धा तास जातो आणि साक्षीदार गोंधळल्यासारखा दिसतो. फौजदारी खटल्यातही असेच होते. ‘हात उगारला’ आणि ‘हात टाकला’ यांत मारहाण झाली की नाही, एवढे अंतर आहे. भाषांतरात ते पुसले गेले, तर आरोपीचे किंवा फिर्यादीचे नुकसान ठरलेलेच. साक्ष उतरवून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगावी आणि शब्द चुकला असेल तर तिथेच उभे राहून दुरुस्ती मागावी. सही झाल्यानंतरची दुरुस्ती फार कठीण असते.

मोडी कागदाविषयी थोडक्यात. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या घरांतून मराठीतले आणि मोडीतले कागद अजूनही निघतात. ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरील सही-हस्ताक्षर खरे आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मूळ कागद न्यायालयात दाखल करावा, त्याचे प्रथम देवनागरीत शब्दशः लिप्यंतर आणि मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. हे काम मोडी खरोखर वाचता येणाऱ्याकडूनच करून घ्या आणि त्याला साक्षीला उभे राहण्याची तयारी आहे का, हे आधी विचारा. नुसत्या सारांशावर विसंबू नका. मोडीतले आकडे आणि चतुःसीमा सारांशातच चुकतात.

प्रश्न : सासऱ्यांच्या घराचा दावा ज्या वकिलांकडे आहे, ते तारखेला येत नाहीत. वकील बदलायचा म्हटल्यावर फीची बाकी दिल्याशिवाय कागदपत्रे देणार नाही, असे ते सांगतात. मूळ खरेदीपत्र त्यांच्याकडेच आहे. ग्राहक न्यायालयात जाऊ का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : कागदपत्रे तुमची आहेत. फी थकली म्हणून वकिलाला ती अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे. फी वसूल करण्याचा वकिलाचा मार्ग वेगळा आहे. पक्षकाराची फाइल हे त्याचे तारण नव्हे. प्रथम त्यांना लेखी पत्र देऊन फाइल आणि फीचा हिशेब मागा. हिशेब ठेवणे हेही वकिलाचे कर्तव्य आहे. एवढ्याने भागले नाही, तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक न्यायालयाचा मार्ग १४ मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे. खरोखर केलेल्या कामाची फी बाकी असेल, तर ती मात्र द्यावी.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी वकिली सुरू केली. आमच्या गावात खून झाला. संशयिताचे वकीलपत्र कुणीही घेऊ नये, असे गावकऱ्यांनी ठरवले असून काही वरिष्ठ वकीलही तसेच म्हणतात. संशयिताची आई माझ्याकडे आली होती. मी घेतले तर माझ्या घरच्यांना गावात राहणे अवघड होईल. आणि त्याने खून केलाच आहे, असे मला सांगितले तर मी काय करायचे? (एक तरुण वकील, चिकोडी तालुका)

उत्तर : तुमच्या पत्रातली भीती खरी आहे आणि मी ती हलकी लेखणार नाही. आपल्या गावांत वकिलाला दुकान, दूध आणि देऊळ या सर्वांसाठी त्याच माणसांत वावरावे लागते. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१० मध्ये कोइमतूर येथील वकील संघटनेच्या अशाच ठरावावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असा वकील संघटनेचा कोणताही ठराव बेकायदा आणि शून्यवत आहे. वरिष्ठांचा तोंडी दबाव त्याहून वेगळा ठरत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार आपण जिथे वकिली करतो तिथले काम, आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असेल तर, विशेष कारण असल्याखेरीज नाकारू नये. आणि आरोपी दोषी आहे की नाही याविषयीचे स्वतःचे मत बाजूला ठेवून त्याचा बचाव करावा, हे त्याच नियमांत लिहिलेले आहे.

गावकऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगता आली तर पाहा. मृताच्या कुटुंबाच्या बाजूने सरकारी वकील असतो आणि त्याला मदत करण्यासाठी पीडित कुटुंब न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकीलही नेमू शकते. त्या सरकारी वकिलाचे काम वाटेल त्या मार्गाने शिक्षा मिळवणे नसून सत्य न्यायालयापुढे मांडणे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे. बचावाला वकीलच नसेल, तर मिळालेली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकत नाही आणि ज्या कुटुंबासाठी गाव हे करते आहे, त्याच कुटुंबाला पुन्हा पहिल्यापासून खटला सोसावा लागतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अशिलाने तुम्हाला विश्वासाने सांगितलेले तुम्ही त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ तुम्हाला आणि त्याला दोघांनाही हे संरक्षण देते. पुढे गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला, तर त्याला मात्र हे संरक्षण नाही. खून केल्याचे त्याने सांगितले, तरी सरकारपक्षाचा पुरावा तपासणे, त्यातली उणीव दाखवणे आणि शिक्षेविषयी बाजू मांडणे हे तुमचे काम चालूच राहते. पण तो त्या रात्री परगावी होता, असे खोटे सांगणारा साक्षीदार तुम्ही उभा करू शकत नाही. ही रेषा पहिल्याच भेटीत त्याला समजेल अशा शब्दांत सांगून टाका.

घरच्यांच्या सुरक्षिततेमुळे खरोखरच घेता येत नसेल, तर त्या आईला नुसते परत पाठवू नका. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतः घेऊन जा. आणि एकदा वकीलपत्र घेतलेत, तर पुरेसे कारण आणि आगाऊ सूचना दिल्याशिवाय मधेच सोडू नका. माझ्या मते, पहिल्यांदा नाकारण्यापेक्षा मधेच सोडणे आरोपीला जास्त घातक असते.

प्रश्न : माझा नवरा आठ महिने हिंडलगा जेलमध्ये आहे. मी धुणीभांडी करते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. सरकारी वकील मिळतो म्हणतात, पण तो मराठीत बोलेल का? (बेळगाव)

उत्तर : ताई, मोफत वकील हा तुमच्या नवऱ्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला हा वकील मिळतो. तुम्हाला स्वतःचे काही काम असेल, तर स्त्री म्हणून तुम्हालाही मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्याने मागितला नाही म्हणून दिला नाही, असे न्यायालयाला म्हणता येत नाही. हे १९८६ पासून ठरलेले आहे. लोक त्याला सरकारी वकील म्हणतात, पण खटल्यात तुमच्या नवऱ्याविरुद्ध उभा राहणारा सरकारी वकील वेगळा असतो. हा वकील तुमच्याच बाजूचा आहे, तेव्हा त्याच्यापासून काही लपवू नका.

तुमचा नवरा जेलमध्येच अर्ज देऊ शकतो. तुम्ही बेळगाव न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊ शकता किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करू शकता. अर्जातच लिहा : ‘आम्हाला मराठी समजते, मराठी बोलणारा वकील द्यावा.’ बेळगावात असे वकील पुष्कळ आहेत.

वकील भेटला की त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ विषयी विचारा. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद त्यात आहे, आणि तसा अर्ज न्यायालयाला करणे हे तुरुंग अधीक्षकांचेही कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल किंवा आणखी खटले चालू असतील, तर ही सवलत लागू होत नाही. म्हणून भेटायला जाताना त्याच्यावर कोणती कलमे लावली आहेत, ते कागदावर उतरवून घ्या आणि अटकेची तारीख त्याखाली लिहा.

जामीन मिळालाच, तर त्या आदेशातल्या अटी वकिलाकडून मराठीत ऐकून घ्या. कोणत्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यायची, तालुक्याबाहेर जाता येते का आणि कुणाला भेटायचे नाही, हे न कळल्याने अट मोडली, तरी जामीन रद्द होऊ शकतो.